घर पडलं म्हणजे पाया वाळूवरच होता का?

लातुरात समुपदेशन करायचं म्हणजे निम्मा वेळ नीटच्या मार्कांत आणि उरलेला कर्जाच्या हप्त्यांत जातो. माझ्याकडे ख्रिस्ती कुटुंबंही बरीच येतात, कारण मी त्याच समाजातली. दुखणी सगळ्यांची सारखीच असतात. पण आमच्या लोकांच्या तोंडून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला एक प्रश्न हमखास निघतो: "मॅडम, आमचा पायाच वाळूवर होता का हो?"

हा पाया कुठला, ते आधी थोडक्यात सांगते. बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या ते सातव्या अध्यायात येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. त्याचा शेवट दोन घरांच्या दाखल्यानं, म्हणजे बोधकथेनं, होतो. एकानं खडकावर घर बांधलं, एकानं वाळूवर. पाऊस पडला, पूर आला, वारा सुटला. पहिलं टिकलं, दुसरं कोसळलं. रविवारच्या शाळेत आम्ही सगळ्यांनी हे हातवारे करून पाठ केलेलं असतं. त्यामुळे मोठेपणी संसारात काही कोसळलं की मन लगेच निकाल देऊन मोकळं होतं: आपण त्या दुसऱ्या घरातले.

हा निकाल कसा चुकतो, हे मला एका गवंड्याच्या निमित्तानं फार जवळून बघायला मिळालं. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे; गाव, वयं आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. त्यांना मिस्त्रीच म्हणू. सगळे तेच म्हणतात.

मिस्त्री स्वतःहून आले नव्हते, बायकोनं आणलं होतं. ती बोलत होती आणि हे माझ्या खोलीची भिंत बघत बसले होते. "जेवण तुटलंय. रात्री उठून बसतेत. कामाला जाईना गेलेत. चर्चला तर उन्हाळ्यापासून पाय ठेवला न्हाई." मी त्यांच्याकडे वळले, तर त्यांचं पहिलं वाक्य आलं ते माझ्या भिंतीबद्दल. "ही भेग गिलाव्याची आहे मॅडम. भिंत चांगली आहे. भिऊ नका."

हकीकत अशी. मुलानं तालुक्याच्या रस्त्यावर सिमेंट-लोखंडाचं दुकान टाकलं. बँकेचं कर्ज, वर खासगी सावकाराचं. जामिनाला बापाचं घर, जे मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं, रविवार सोडून, चार वर्षांत बांधलं होतं. उधारी बुडाली, दुकान बसलं, घर विकावं लागलं. सून लेकराला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही. मिस्त्री मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर होते. एका घरगुती प्रार्थनासभेत कुणीतरी मत्तय सातवा अध्याय काढला आणि म्हणालं, "ज्याचं घर पडतं, त्यानं पाया तपासावा." नाव कुणाचंच घेतलं नाही. पण चटईवर बसलेल्या सगळ्यांनी एकदम खाली बघितलं, आणि तेच मिस्त्रींना लागलं.

वचन सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसावं. आमच्याकडं आधार द्यायची रीतच अशी झाली आहे: माणूस बुडत असताना काठावरून वचन फेकायचं. त्यात हल्ली मोबाइलवर दिवसभर चालणारी प्रवचनं आली आहेत. विश्वास धरला की कर्ज फिटतं, असं तिथं इतक्या खात्रीनं सांगतात की ज्याचं फिटलं नाही त्यानं काय समजायचं ते तो समजतोच.

पण मी वचनापासून सुरुवात केली नाही. करतही नाही. झोप-भूक उडणं, कामात मन न लागणं, स्वतःला नालायक समजणं हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर इलाज आहे. शिवाय एक प्रश्न मराठवाड्यात तरी टाळूच नये, कारण इथं घराघरात फवारणीचं औषध असतं. मी सरळ विचारलं, "जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट विचारल्यानं माणूस मोकळा होतो. मिस्त्री म्हणाले, "एकदा आलता. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर उभा होतो." बायकोनं पदर तोंडाला लावला. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं.

त्याच दिवशी ठरलं की काही दिवस एकट्यानं उंचावर कामाला जायचं नाही, घरात काय कुठं ठेवलंय यावर बायकोचं लक्ष राहील, आणि सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार डॉक्टरांना दाखवायचं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही फोनमध्ये घातला. मानसिक त्रासात फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून रात्रंदिवस आणि फुकट आहे. गोळ्या चालू झाल्यावर एका नातेवाइकानं "मग प्रार्थना कशाला करता?" असं विचारलंच. त्याला मी निरोप धाडला की येशूचा प्रेषित पौल, त्याच्या सोबत फिरणारा लूक वैद्य होता, बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात तसं लिहिलंय, आणि पौलानं त्याला कधी धंदा सोड म्हटल्याचं दिसत नाही.

झोप लागायला लागली तशी मिस्त्रींची जीभही सुटली. आणि मग जे बाहेर आलं त्याचा दुकानाशी काही संबंध नव्हता.

त्यांचं मूळ गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना तिथं भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मिस्त्री तेव्हा तेरा वर्षांचे. आई मंडळीतली कडक बाई. मिरवणुकीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं. पोरगं गुपचूप गेलं. उशीर झाला, आई मारील म्हणून घरी न जाता मित्राच्या अंगणात बाजेवर झोपलं, म्हणून वाचलं. आई आणि धाकटी बहीण माळवदाखाली गेल्या. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना कुणीतरी मोठं माणूस त्यांना म्हणालं, "आईचं ऐकलं न्हाईस, बघ काय झालं."

इतकी वर्षं हे वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. वर नुसता गिलावा मारून झाकल्यासारखं होतं ते. पोराचं दुकान बसलं आणि सभेत पायाचं वचन निघालं, तेव्हा पहिला हिशोब पुन्हा उघडला: मी तेव्हा ऐकलं नाही, देवानं आईला नेलं, आता काहीतरी पुन्हा चुकलंय, म्हणून घर नेलं.

माणसं असा हिशोब का मांडतात? मला वर्षानुवर्षांच्या कामातून वाटत आलंय की अपराधी वाटणं सोसवतं, हतबल वाटणं सोसवत नाही. 'माझ्यामुळं झालं' म्हटलं की निदान कारण तरी हाती लागतं. पुढच्या वेळी नीट वागलो तर होणार नाही, अशी आशा त्यात लपलेली असते. 'कारण नसताना झालं' यात धरायलाच काही नसतं. तेरा वर्षांच्या पोरानं पहिलं निवडलं, यात नवल नाही.

मी त्यांना त्या रात्रीबद्दल आणखी काही विचारलं नाही. घरांबद्दल विचारलं. त्यांचा धंदाच त्या भूकंपातून सुरू झालेला. पुनर्वसनाची कामं निघाली तेव्हा पंधरा-सोळाव्या वर्षी ते बिगारी म्हणून लागले आणि तिथंच ओळंबा धरायला शिकले. विषय निघाल्यावर मिस्त्री पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले. जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, दगडाच्या, पण चिखलात रचलेल्या. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे भर. दोन्हीला आरपार बांधणारे लांब दगड घातलेले नसायचे. वर माळवद, उन्हाळ्यात गार राहावं, पावसाळ्यात गळू नये म्हणून दर काही वर्षांनी मातीचा नवा थर, त्यावर नवा थर. जमीन हलली तशा भिंतींची दोन्ही अंगं सुटली आणि सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. भूकंप सहाच्या थोडा वरचा. त्याच ताकदीचा धक्का पक्क्या बांधकामाच्या गावात बसला असता तर इतकी माणसं गेली नसती. आपल्याकडं सरकारी आकड्यानंच जवळपास आठ हजार गेली. त्या काळच्या नकाशात हा भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे कुणी विचारच केला नव्हता. "आणि मॅडम," ते म्हणाले, "आमची घरं काय वाळूवर न्हवती. दगडाचाच पाया, दगडाच्याच भिंती."

मी विचारलं, "मग मिस्त्री, आई कशानं गेली?"

बराच वेळ गेला. "भितीनं," ते म्हणाले. मला आधी वाटलं भीतीनं, घाबरून. मग त्यांनी हातानं दाखवलं. भिंतीनं.

त्यांच्यातल्या गवंड्याला हे कायमच ठाऊक होतं. तेरा वर्षांच्या पोरापर्यंत ते पोचलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही शास्त्र उघडलंच नाही.

पुढच्या भेटीला त्यांनी स्वतःच विचारलं, की असं काही पवित्र शास्त्रात आहे का. आहे, आणि आश्चर्य म्हणजे प्रार्थनासभांत ते फारसं वाचलं जात नाही. लूकाचं शुभवर्तमान, तेरावा अध्याय. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. त्या काळची ताजी बातमी असावी. लोकांच्या मनात जे होतं ते येशूनं स्वतःच बोलून दाखवलं: यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा हे अठरा जण जास्त अपराधी होते असं तुम्हांला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही. एवढा सरळ नकार शुभवर्तमानांत फार ठिकाणी सापडत नाही. बांधकाम पडून माणसं मेली, या विषयावर येशूचं थेट बोलणं हेच आहे, आणि ते आपण सोडून देतो.

पुढचं वाक्य लपवायचं मात्र नाही. तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल, असंही तो लगेच म्हणतो. म्हणजे मेलेल्यांची चौकशी बंद करून तो बोट जिवंत ऐकणाऱ्यांकडं वळवतो. ढिगाऱ्याखालच्यांचा पंचनामा करू नका, स्वतःचं बघा. नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांना हेच कळलं नव्हतं. ईयोबाची मुलं थोरल्या भावाच्या घरी जेवत होती, वाळवंटाकडून वारा आला, घराचे चारही कोपरे पडले. आणि मित्र पुढं कित्येक अध्याय त्याला समजावत राहिले की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

मिस्त्रींनी बायकोकडून ते वचन दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "त्या बुरजाचा मिस्त्री कोण होता, ते लिहिलंय का?" ते विनोद करायला लागले, तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

मग उरला तो मूळ दाखला. तो मी टाळला असता तर सभेत ऐकलेलं वाक्य तसंच सलत राहिलं असतं. मी म्हटलं, हा आपण मत्तयात नको, लूकात वाचू, सहाव्या अध्यायाच्या शेवटी. तिथं वाळूचा उल्लेख नाही. तिथं एका माणसानं खोल खणलं आणि खडकावर पाया घातला. दुसऱ्यानं पायाच न घालता जमिनीवर घर उभं केलं. आणि तुम्ही मिस्त्री म्हणून वाचा, कमिटीचे मेंबर म्हणून नको.

काळ्या मातीवर ज्यानं हयात काढली त्याला हा दाखला समजावून सांगायची गरज नसते. उन्हाळ्यात या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते. वर बांधलेलं घर दर वर्षी उचललं जातं आणि खाली बसतं. मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय इलाज नाही. "पण लोक खड्ड्याला पैसा देत न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "रंगाला देतेत. खड्डा बुजला की कुणाला दिसतोय?" मग जरा थांबून: "ह्याच्यात पूर दोघांच्याबी घराला लागलाय की."

लागलाय. मत्तयात तर तोच पाऊस, तोच पूर, तोच वारा, दोन्ही घरांना. खडकावर बांधणाऱ्याला पूर चुकला असं कुठंही लिहिलेलं नाही. आणि खणणं म्हणजे काय, हे येशूनं आपल्यावर सोडलेलं नाही. माझं ऐकून त्याप्रमाणे करणारा तो पहिला माणूस, असं तो आधीच सांगून टाकतो. त्यात पैसा, तब्येत, पोरांचं लग्न टिकणं यातलं काही नाही. प्रार्थनेत डोळ्यांना पाणी येणंही नाही. ऐकून करणं, इतकंच. आणि काय करायचं? मत्तयातला दाखला प्रवचनाच्या शेवटी येतो, म्हणजे त्याच्या आधी जे तीन अध्याय सांगितलं ते: वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर, उद्याची काळजी करू नको, गुप्तपणे दानधर्म कर. आणि सातव्या अध्यायाची तर सुरुवातच 'कुणाचा न्याय करू नका' इथून होते. चोविसाव्या ओवीवर बोट ठेवून दुसऱ्याचा पाया तपासायला निघालेल्यानं पहिली ओवी ओलांडलेली असते. हे ऐकून मिस्त्री एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेर बसलेल्या दुसऱ्या बाई डोकावल्या.

मी त्यांना एक काम दिलं. घर विकलं त्या महिन्यात तुम्ही काय काय केलंत ते आठवून सांगा. रडलात, भांडलात, ते सोडून. त्यांना काही आठवेना. बायकोनं सांगितलं: पोराच्या दुकानातल्या हमालांची मजुरी थकली होती, ती ह्यांनी आपली गाडी विकून चुकती केली. सावकाराच्या आधी हमालांना दिली, म्हणून सावकार दारात येऊन शिव्या देऊन गेला. मिस्त्री म्हणाले, "ते तर करायलाच लागतंय." मी म्हटलं, खोल खणलेलं आणखी कसं दिसतं मग?

इथं त्यांना त्यांचंच पहिल्या दिवसाचं वाक्य मी परत दिलं. गिलाव्याची भेग आणि भिंतीची भेग यातला फरक तुम्ही बसल्या जागेवरून, न हात लावता ओळखलात. स्वतःच्या बाबतीत मात्र गिलावा निघाला तर पाया गेला म्हणून बसलात. पौलाला हा फरक नीट माहीत होता. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, तो पाया आणि पायावरचं बांधकाम वेगळं काढतो. पाया येशू ख्रिस्त, तो एकदा घातला गेलाय. त्यावर कुणी सोनं-रुपं लावतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा. आग लागली की कळेल. ज्याचं जळेल त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः वाचेल, आगीतून निघाल्यासारखा. पौल तिथं मुळात मंडळी उभारणाऱ्या उपदेशकांबद्दल बोलतोय, कारण करिंथात पौलाचा गट आणि अपुल्लोसाचा गट अशी भांडणं लागली होती. म्हणून ते वचन ओढून-ताणून दुकानाच्या कर्जाला लावू नये. पण बांधलेलं सगळं जाऊनही माणूस आणि पाया दोन्ही राहू शकतात, ही शक्यता तरी पौलानं लिहून ठेवली आहे. पोराचं दुकान पेंढ्याचं होतं, हे मिस्त्रींना मान्य होतं. "मी सांगितलंच होतं त्याला," असं म्हणून ते पुन्हा तापले, आणि तिथूनच आम्ही पुढच्या विषयावर आलो. घर विकल्यापासून बाप-लेक एकमेकांशी बोलले नव्हते.

नैराश्यात माणूस मन बरं होण्याची वाट बघत बसतो, आणि मन बरं होतं ते काहीतरी केल्यावर. उपचारात आम्ही याच क्रमानं जातो: आधी छोटी कृती, मग मागून उमेद. ऐकून करणाऱ्याचा दाखला डोक्यात असलेल्या माणसाला हे पटवायला कष्ट पडत नाहीत. मिस्त्रींनी स्वतःच ठरवलं की सकाळचा चहा पोरासोबत घ्यायचा, कर्जाचा विषय न काढता. पहिले काही दिवस दोघं टीव्हीकडं बघत चहा प्यायले. मग पोरानं एकदा विचारलं, "बाबा, गोळी घेतली का?" त्यानंतर मिस्त्री अर्धा दिवस कामाला जाऊ लागले, खालच्या मजल्याच्या कामाला.

बायकोचं वेगळंच चाललं होतं. तिला मंडळीतल्या बायांनी नीतिसूत्रांतलं चौदाव्या अध्यायाचं पहिलं वचन ऐकवलं होतं: शहाणी बाई घर बांधते, मूर्ख बाई आपल्या हातानं ते पाडते. सून निघून गेली म्हणजे सासू मूर्ख, असा अर्थ. मी तिला सांगितलं की नीतिसूत्रं ही जगात बहुतेक वेळा काय घडतं याची निरीक्षणं आहेत, कुणावर ठेवलेलं दोषारोपपत्र नव्हे; आणि एकशे सत्ताविसावं स्तोत्र तर म्हणतं की परमेश्वर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रमच फुकट, म्हणजे घराचा सगळा भार एका बाईच्या डोक्यावर शास्त्रानंही दिलेला नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, शहाण्या बाईनं बांधलेलं घर नवऱ्यानं न विचारता जामिनाला लावलं, त्याचं वचन कुठाय?" मिस्त्री भेग बघायला लागले. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी शोधलंही नाही. ते दोघांमधलं भांडण होतं, ते त्यांनी माझ्यासमोर रीतसर केलं, आणि माझ्या मते त्या सगळ्या भेटींतली ती सगळ्यात कामाची भेट होती.

चर्चचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. मिस्त्री म्हणायचे, घरी बसून वाचतो की, तिथं कशाला जाऊ. मी ढकललं नाही. एकदा त्यांनीच येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातलं जिवंत धोंड्यांचं वचन काढलं. आपापल्या मुलखातून पांगलेल्या, परके म्हणून राहणाऱ्या लोकांना पेत्र लिहितोय की तुम्ही जिवंत धोंडे होऊन एका घरात रचले जात आहात. "ह्याच्यात सांधेमोड आली," मिस्त्री म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी टेबलावरच्या वह्या रचून दाखवल्या: खालच्या थरात जिथं दोन दगडांचा सांधा येतो, तिथं वरच्या थरात अख्खा दगड बसवायचा. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथून फाटते. "म्हणजे माझ्या भेगेवर दुसऱ्यानं यायला पाहिजे. सभेत तेच झालं न्हाई." हे मला कुठल्या भाष्यात वाचायला मिळालं नव्हतं.

त्यांच्या परवानगीनं मी पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोलले. ते भले माणूस. सभेत काय घडलं हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते मिस्त्रींच्या भाड्याच्या खोलीवर गेले, भाकरी-पिठलं खाल्लं, वचन वाचलं नाही, आईचं नाव विचारलं. येत्या सर्व आत्म्यांच्या दिवशी किल्लारीत गेलेल्यांचीही नावं घेऊ, म्हणाले. मिस्त्री त्या दिवशी खूप रडले. नंतर मला विचारायला आले की इतक्या वर्षांनी रडू येणं बरं का. मी एज्राचा तिसरा अध्याय दाखवला. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुण मंडळी आनंदानं ओरडत होती आणि पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडत होते. रडण्याचा आवाज कुठला, आनंदाचा कुठला, ते कुणाला ओळखू येईना. त्यांना लगेच त्यांचे वडील आठवले. नव्या गावात घराची चावी मिळाली तेव्हा सरळ आखलेल्या गल्लीत उभं राहून वडील रडले होते आणि हा पोरगा त्यांच्यावर चिडला होता.

हे वाचणाऱ्यांत कुणी असं घर पडलेलं माणूस असेल तर माझं सांगणं एवढंच, की आधी झोप आणि जेवण बघा, डॉक्टरांना दाखवा, आणि शिलोहाच्या बुरुजाचा तो अध्याय वाचा. आणि कुणी असं माणूस भेटायला जाणार असाल तर डबा घेऊन जा. पाया तपासायला जाऊ नका, ते काम तुम्हांला कुणी सांगितलेलं नाही.

मिस्त्रींच्या घरचं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर हळूहळू कमी करणार आहेत. सावकाराचे पैसे देणं आहे. पोरगा दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागलाय आणि त्याला ते कमीपणाचं वाटतं. सून माहेरीच आहे, फोनवर बोलते. नाताळ झाल्यावर दोन्हीकडच्या माणसांची बैठक ठरली आहे. सुरुवातीला प्रार्थना होईल, चहा होईल. पण बैठक संपेपर्यंत कुणीही पवित्र शास्त्र उघडून वचन काढायचं नाही, ही अट मिस्त्रींनी व्याह्यांना आत्ताच कळवून ठेवली आहे.